वतन: राजे बदलले, हक्क राहिला

पोळ्याच्या संध्याकाळी वेशीत तोरण लागलेले असते. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगूरमाळ अशा थाटात बैलजोड्या येऊन उभ्या राहतात. हलगी वाजत असते, पोरं ओरडत असतात, पण तोरणाखालून कोणी पुढे सरत नाही. मानाची जोडी यायची असते. ती आली, तोरणाखालून गेली, की मग बाकीच्यांनी निघायचे. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत हा रिवाज अजून पाळला जातो, आणि मानाची जोडी बहुतेक ठिकाणी जुन्या पाटील घराण्याची असते.

हे घराणे आता सारा वसूल करत नाही. महाराष्ट्रातली महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. पोलीस पाटील आज नेमणुकीने होतो, त्याचा कायदा १९६७ चा. म्हणजे काम गेले, कामाचा मोबदला गेला, तरी बैलाचा मान उरला. असे उरणे सहज घडत नाही. त्यामागे पाच-सहाशे वर्षे टिकलेली एक व्यवस्था आहे. तिला आपण वतन म्हणतो. आपले युसूफ वडगावच घ्या: बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले, मांजरेच्या खोऱ्यातले गाव. इथल्या मातीवर बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, आसफजाही आणि मराठे अशा साऱ्यांनी हक्क सांगितला. या सर्वांच्या राज्यांत वतन टिकले. ते कसे टिकले, कशाने संपले आणि संपल्यावर मागे काय सोडून गेले, हे मला महत्त्वाचे वाटते, कारण आजही आपल्या तहसील कचेरीतले कितीतरी जुने तंटे त्याच मुळाशी जाऊन थांबतात.

वतनाची रचना साधी होती. गावात पाटील आणि कुलकर्णी. गावांचा समूह म्हणजे परगणा, त्याचा देशमुख आणि देशपांडे. पाटील-देशमुखाने जमीन लागवडीला आणायची, कुळे बसवायची, सारा गोळा करायचा, बंदोबस्त ठेवायचा. कुलकर्णी-देशपांड्याने लिहायचे. त्याबदल्यात इनाम जमीन, वसुलातला ठरलेला हिस्सा, आणि मानपान. त्यांच्याखाली बलुतेदार: सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग. यांचेही वतनच. सुताराने औत नीट करायचे आणि खळ्यावर पेंढ्या घ्यायच्या, हाही वंशपरंपरेचा हक्क होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हा हा सगळा पसारा डोळ्यांसमोर चालू होता. म्हणून त्या पुस्तकात इतका बारीक तपशील आला.

१३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले तेव्हा दख्खनमधल्या सुलतानांपुढे एक अडचण होती. किल्ला घेता येतो, ठाणे बसवता येते, पण कोणत्या शेताला किती पाणी लागते, कोणते कूळ पळून गेले, कोणती शीव कोणत्या ओढ्यापर्यंत, हे किल्ल्यातून दिसत नाही. ते परगण्यातल्या घराण्यांना ठाऊक होते. म्हणून नव्या राज्यकर्त्याने त्यांना उखडले नाही, कागद करून दिला आणि पुढे चालू ठेवले.

याच्या सुमारे पावणेतीनशे वर्षे आधी युरोपात अगदी वेगळा प्रयोग झाला होता. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडात आला आणि राजा झाला. त्याच्याबरोबर आलेल्या सरदारांना त्याने जमिनी वाटल्या. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, त्याने सगळ्या मुलखाची झडती घेतली: ही जमीन आधीच्या राजाच्या वेळी कोणाची, आता कोणाची, तिथे नांगर किती, गिरण्या किती, किंमत किती. त्या दप्तराला डूम्सडे बुक म्हणतात आणि त्यात तेरा हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद आहे. ते चाळले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. राजाकडून थेट जमीन धारण करणाऱ्या मोठ्या धन्यांत मूळचे इंग्रज जवळजवळ उरलेले नाहीत. वरचा अख्खा थर एका पिढीत बदलला. क्लेअर, वॉरेन, बिगॉड ही घराणी तिथली ‘जुनी’ झाली ती या वाटपापासून.

आपल्याकडे तसे झाले नाही. धारूरचा किल्ला बघा. केजहून तो फार लांब नाही. विजापूरच्या किश्वरखानाने तो १५६७ च्या सुमारास बांधला, थोड्याच दिवसांत तो अहमदनगरच्या निजामशहाकडे गेला, आणि १६३१ मध्ये मोगलांनी घेतला. पाऊण शतकाच्या आत तीन धनी. पण किल्ल्यावरचे निशाण बदलले म्हणून पायथ्याच्या परगण्याचे वतनदार बदलायचे, असा दख्खनचा रिवाज नव्हता. नवा सुभेदार आला की वतनदार जुनी सनद घेऊन भेटीला जायचे, नजर द्यायचे आणि तोच हक्क नव्या शिक्क्याने घेऊन यायचे. नॉर्मन सरदाराची जमीन राजाच्या तलवारीतून आली होती. इथल्या वतनाला राजा फक्त दुजोरा देत होता.

मग वतनाचा खरा आधार कोणता? माझे उत्तर असे की तो गावाच्या साक्षीत होता. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. परगण्याचे देशमुख-देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, शेटे-महाजन, बलुतेदार असे सगळे एकत्र येत. वादी-प्रतिवादी आपापला करिना सांगत, म्हणजे मूळ पुरुषापासून घराण्याची हकीकत. साक्षी होत. मग निवाड्याचा महजर लिहिला जाई. असे महजर पाहण्यासारखे असतात. मोडीतला लांबलचक मजकूर, वर काझीची किंवा सरकारची मोहोर, आणि खाली साक्षीदारांची रांग. बहुतेकांना लिहिता येत नसे, म्हणून प्रत्येकाने आपल्या धंद्याचे चिन्ह काढलेले असते. पाटलाच्या नावापुढे नांगर. कारागिरांच्या नावापुढे त्यांचे त्यांचे हत्यार. एकेक रेघ कुठे थरथरलेली, कुठे जोरात दाबलेली. तीन-चारशे वर्षांपूर्वीचे अख्खे गाव त्या कागदाच्या तळाशी हजर असते, जातीसकट आणि कामासकट.

साक्षीने निकाल लागला नाही तर दिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, याला रवा दिव्य म्हणत. मग हात बांधून, मोहोर करून ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी उघडायचा. हात चांगला तर वतन आपले. आज हे क्रूर वाटते आणि ते क्रूर होतेच. पण एका गावच्या पाटीलकीसाठी माणूस उकळत्या तेलात हात घालायला तयार होत असे, यावरून त्या हक्काचे वजन कळते. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. दोन्हीकडून पैसा सरकारात. वतनाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले यात या हिशेबाचाही वाटा आहे.

वारसाचा प्रश्न इंग्लंडात आणि इथेही होता, उत्तरे निराळी निघाली. नॉर्मन इंग्लंडात मोठ्या घराण्याची जमीन थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांनी चाकरी शोधावी, चर्चमध्ये जावे नाहीतर लढाईवर. वारस गादीवर बसताना राजाला नजराणा द्यायचा. राजे तो वाटेल तितका मागू लागले, तेव्हा १२१५ च्या मॅग्ना कार्टात सरदारांनी त्याचा आकडा शंभर पौंडांवर बांधून घेतला. मुलगा नसला तर जमीन मुलींत समान वाटली जाई. स्कॉटलंडात बॅनकबर्नच्या लढाईत १३१४ मध्ये ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर तरुणपणीच मेला. त्याला मूल नव्हते. इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये पसरलेली त्याची दौलत तीन बहिणींत, म्हणजे प्रत्यक्षात तीन मेहुण्यांत, वाटली गेली. त्यातला एक मेहुणा, धाकटा ह्यू डिस्पेन्सर, दुसऱ्यांच्या वाट्यावर डोळा ठेवून होता. १३२१ मध्ये त्यावरून वेल्सच्या सीमेवर युद्ध पेटले आणि त्याचे धक्के राजाच्या सिंहासनापर्यंत गेले.

आपल्याकडे मुलींना वतनात असा वाटा नव्हता. मुलगा नसला तर दत्तक. आणि मुलगे असले तर सगळ्यांचा वाटा. थोरल्याला वडीलपणाचा मान जास्त, पण धाकट्याचा हक्क बुडत नसे. त्यामुळे वतनाच्या तक्षिमा पडत गेल्या: निम्मी पाटीलकी, चौथाई देशमुखी. पाटीलकी विकताही येई. दुष्काळात, दंड भरायला किंवा सावकाराच्या तगाद्यापायी अर्धी पाटीलकी विकल्याचे कागद महाराष्ट्रभर मिळतात. असे खरेदीखत किंवा वाटणीपत्र वाचताना जमिनीची कलमे चटकन संपतात. लांबतात ती मानाची. कागदावर कोणाचे नाव आधी, नांगर कोणाचा वर. टिळा-विडा पहिला कोणाला. होळीची पोळी पहिली कोणाची. दसऱ्याला आपट्याची पूजा कोणी करायची. पोळ्याला बैल कोणाचा पुढे. वाजंत्री आधी कोणाच्या दारात. दोघांचे बैल जोडीने न्यायचे ठरले तर उजव्या बाजूला कोणाचा, हेही लिहिलेले असते. शेत तुकडे होऊन वाटता येते, पहिला टिळा कसा वाटणार? भाऊबंदकी पेटली ती बहुधा या न वाटता येणाऱ्या गोष्टींवरून. पोळ्याचे तोरण अजून थांबते ते यामुळेच. पाटलाच्या इनामाला कायद्याने हात घातला, मानाची नोंद मात्र सरकारी दप्तरात नव्हती.

शिवाजी महाराजांचे घराणेही याच व्यवस्थेतले. भोसल्यांकडे वेरूळची पाटीलकी होती. आई जिजाबाई सिंदखेडच्या जाधवांच्या, आणि जाधवांकडे सिंदखेडची देशमुखी. लखुजी जाधवराव १६२९ मध्ये दौलताबादेच्या दरबारात मारले गेले. राजाला वतनदार जड झाला की काय होते याचा हा दाखला भोसल्यांच्या घरातच होता. वतनदाराची ताकद आणि त्याचा धोका, दोन्ही महाराजांनी जवळून पाहिले. १६५९ मध्ये अफझलखान निघाला तेव्हा विजापूरची फर्माने मावळच्या देशमुखांना आली: खानाला सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. रोहिड खोऱ्याचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कारीचे कान्होजी जेधे आपल्या पाच मुलांना घेऊन राजगडावर आले आणि महाराजांसमोर त्यांनी वतनावर पाणी सोडले. जेधे करिन्यात हा प्रसंग आहे. त्या काळच्या देशमुखाने स्वखुशीने वतन सोडणे म्हणजे केवढे, हे वर सांगितलेल्या दिव्याच्या प्रकारावरून ध्यानात येईल. कान्होजींची बहादुरी मोठीच, पण मला त्यांचे हे पाणी सोडणे अधिक मोठे वाटते.

महाराजांनी वतने सरसकट मोडली नाहीत. वतनदारांचे वाडे-हुडे पाडले, मनमानी वसुली बंद केली, हक्क मोजून बांधून दिला आणि नव्या चाकरीसाठी शक्यतो रोख पगार ठेवला. ते बंधन १६८९ नंतर सैल झाले. संभाजी महाराजांचा वध झाला, राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि औरंगजेब फौज घेऊन महाराष्ट्रात ठाण मांडून बसला. खजिन्यात पैसा नाही अशा वेळी लढणाऱ्याला द्यायला वतन आणि सरंजाम एवढेच उरले. मोगलही तेच आमिष दाखवत होते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी जे लिहिले त्यात हा अनुभव उतरला आहे. वतनदार म्हणजे लहान लहान राजेच, त्यांना गोडीने वागवावे पण जरबेत ठेवावे, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ. राज्य चालवलेल्या माणसाचे ते मत आहे आणि मला ते पटते.

पुढे तर राज्याचा हक्कच वतनाच्या रूपात मांडला गेला. १७१९ मध्ये मोगल दरबाराकडून शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथ आणि सरदेशमुखी मिळाली. चौथ वसुलाचा चौथा हिस्सा. सरदेशमुखी दहावा, आणि ती छत्रपतींचे वंशपरंपरेचे वतन म्हणून. छत्रपतींनीही वतनदार म्हणून हक्क सांगावा, इतके या गोष्टीला तेज होते. महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाती घेऊन बसले तरी त्यांनी स्वतःला पाटील म्हणवले आणि लोकांनीही त्यांना पाटीलबाबाच म्हटले. कण्हेरखेडची पाटीलकी त्यांना बादशाही किताबापेक्षा जवळची होती.

आपल्या भागात याचा परिणाम म्हणजे दुअमल. १७२४ नंतर मुलूख आसफजाही निजामाचा, पण चौथ-सरदेशमुखी मराठ्यांची. एका गावाच्या वसुलावर दोन सरकारांचे कमाविसदार. १७२८ मध्ये पालखेडच्या मोहिमेनंतर मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने हा हक्क पुन्हा मान्य केला. १७६३ मध्ये गोदाकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. ती लढाईही बीड जिल्ह्याच्या भूमीवरची. इंग्लंडच्या राजाने १२०४ मध्ये नॉर्मंडी गमावली तेव्हा खाडीच्या दोन्ही तीरांवर जमिनी असलेल्या घराण्यांना एक तीर निवडावा लागला. मराठवाड्यातल्या देशमुखाला अशी निवड करावी लागली नाही. तो दोन्ही सरकारांचा वसूल करून देत होता. रयतेला मात्र दुहेरी तगादा सोसावा लागे, आणि दुष्काळात दोन्हीकडचे शिपाई एकाच दारात उभे राहत.

इथपर्यंत वतनाचा पुरावा गावात होता. नंतर सरकारांनी कागद मागायला सुरुवात केली, आणि माझ्या मते खरा बदल इथे झाला. इंग्लंडात हे फार आधी घडले. पहिल्या एडवर्ड राजाने १२७० च्या दशकात सरदारांना विचारले, तुमचे हक्क कोणत्या सनदेने? त्यावर वॉरेन घराण्याच्या अर्लने पूर्वजांची गंजलेली तलवार काढून हीच माझी सनद म्हणून दाखवल्याची कथा तिथे सांगतात. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी हाच प्रश्न इनाम कमिशनच्या रूपाने विचारला. १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला धार आली, हजारो इनामे जप्त झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात त्याचा असंतोष १८५७ पर्यंत धुमसत राहिला. मराठवाडा निजामाचा असल्याने त्या कमिशनमधून सुटला, पण चौकशी इथेही आली. सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले. १८६५ मध्ये त्यांनी जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली, पगारी तहसीलदार आणि तालुकदार नेमले आणि देशमुख-देशपांड्यांकडून वसुलीचे काम काढून घेतले. बदल्यात त्यांना रुसूम म्हणून रोख नेमणूक बांधून दिली. देशमुखी इथे पहिल्यांदा कामापासून तुटली. घराण्याला पैसा मिळत राहिला, परगण्याला त्या घराण्याची गरज उरली नाही.

इनामांची चौकशी होऊन ज्यांचा हक्क मान्य झाला त्यांना मुंतखब मिळाला. मराठवाड्यात जमिनीच्या जुन्या वादात वकील पहिल्यांदा हाच कागद मागतो. उर्दू-फारसी मजकूर, फसली सन, इनामदाराचे नाव, गाव, जमिनीचे क्षेत्र, इनामाचा प्रकार आणि अट. प्रकार महत्त्वाचा. मददमाश म्हणजे घराण्याच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे सेवेसाठी दिलेली: मंदिरातला दिवा-नैवेद्य, मशिदीतली बांग, दर्ग्याची झाडलोट, मठाचे अन्नछत्र. पहिलीत माणूस धनी. दुसरीत देवस्थान धनी आणि माणूस सेवेकरी. हा एका ओळीचा फरक वाचता न आल्याने आज कितीतरी कुटुंबे अडचणीत आहेत.

ज्यांच्याकडे कागदच नव्हता त्यांचे काय? गावाची शीव कोणाला सर्वांत नेमकी माहीत असे? महाराला. शिवेचा तंटा लागला की त्याची साक्ष मोलाची, शीव चालून दाखवायची तीही त्यानेच. महारांच्या बावन्न हक्कांची सनद बिदरच्या बादशहाने अमृतनाकाला दिली, अशी परंपरेची कथा आहे. पाटोदा तालुक्यात उगम पावून केजच्या अंगाने जाणारी आपली मांजरा पुढे त्याच बिदरकडे जाते. कथा मोठी, हातात मात्र तुकडाभर जमीन आणि तिच्यापायी रात्रंदिवसाची राबणूक. वेसकरपण, सरकारी टपाल, साहेबाच्या घोड्याचा चारा, मढ्याचा सांगावा. मोबदला म्हणून शिळी भाकरी आणि खळ्यावरचा उरलासुरला वाटा. पाटलाला वतनाने प्रतिष्ठा दिली, महाराला त्याच वतनाने बांधून ठेवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे ओळखले. मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी महार वतनाच्या सुधारणेचे बिल मांडले: जमिनीवर पूर्ण सारा आकारा, ती राबणाऱ्याच्या नावे करा आणि त्याला सक्तीच्या चाकरीतून सोडवा. बिल मंजूर झाले नाही. आपल्या भागातही त्यांनी हा प्रश्न आणला. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली. ते गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात, केजपासून जवळच. जुन्या वतनदार घराण्यांचे इतिहास लिहिताना ही परिषद सहसा येत नाही. माझ्या मते तिच्याशिवाय आपल्या भागातल्या वतनाचा इतिहास अर्धाच राहतो, कारण वतनदार म्हणवणाऱ्यांनीच वतनाचे जोखड नको म्हणण्याची ती वेळ होती.

पुढचे वेगाने घडले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. फेब्रुवारी १९४९ मध्ये निजामाची खासगी जहागीर, सर्फ-ए-खास, सरकारात आली. १५ ऑगस्ट १९४९ पासून जहागिरी रद्द झाल्या. संस्थानाचा सुमारे तिसरा हिस्सा तोवर जहागिरींत होता. १९५० च्या कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला संरक्षण दिले. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने इनामे संपवण्याचा मार्ग घातला, मात्र धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा, १९६२ मध्ये पाटीलकी रद्द. चौदा वर्षांत सहाशे वर्षांचा पसारा आवरला. कायद्याच्या वाटेने झालेला हा बदल लहान म्हणता येत नाही. तेलंगणात याच काळात देशमुखांविरुद्ध सशस्त्र लढा पेटला होता आणि तिथली वंशपरंपरेची पटेल-पटवारी पद्धत जायला १९८४ उजाडले.

तरी हिशेब पूर्ण झाला नाही. कागदवाला वतनदार जमीन नावावर करून घेऊ शकला. रुसूम गेली तरी त्याच्याकडे शिक्षण, ओळख आणि वकील होता. बलुतेदाराचे खळ्यावरचे हक्क कोणत्याच दप्तरात नव्हते. रोखीचा व्यवहार आला तसे ते विरून गेले, भरपाईचा विषयच निघाला नाही. गोतसभेत ज्याच्या हत्याराची खूण उमटत होती त्याला सातबाऱ्यात रकाना मिळाला नाही. गावाची साक्ष पुसून केवळ कागद प्रमाण मानला, त्याची किंमत सर्वांत खालच्याने दिली.

आणि खिदमतमाश जमिनी लटकत राहिल्या. त्यांची विक्री करता येत नव्हती, पण पन्नास-साठ वर्षांत साध्या बाँडवर, तोंडी व्यवहारांवर त्या हातोहात गेल्या. कोणी घर बांधले, कोणी विहीर पाडली, कोणी पोरीच्या लग्नासाठी विकली, ज्याने घेतली त्याने भोळ्या विश्वासाने घेतली. गेल्या काही वर्षांत बीड जिल्ह्यात देवस्थान आणि वक्फ इनाम जमिनींच्या बेकायदा हस्तांतराचे फौजदारी गुन्हे दाखल झाले आहेत. दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या जमिनीवर प्लॉट पडले आणि देवळात दिवा लावायला वर्गणी मागावी लागते, ही गोष्ट मला व्यक्तिशः फार बोचते.

हे जुने कागद वाचणार तरी कोण? सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे किती कमी उरली आहेत हे सगळ्यांच्या लक्षात आले. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी एकट्याने फारसी-उर्दू साधनांचे डोंगर मराठीत आणले. त्यांच्यानंतर ते काम करणारे हात मोजकेच आहेत.

म्हणून युसूफ वडगावच्या आणि भोवतालच्या गावांतल्या वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. शेत घेण्याआधी, इसार देण्याआधी, नुसता सातबारा पाहून थांबू नका. तलाठ्याकडे गाव नमुना तीन मागा; इनामी म्हणजे दुमाला जमिनींची नोंद त्यात असते. गटाचे जुने सर्व्हे नंबर काढा, खासरा पाहणीपत्रक बघा, आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत देवस्थान, मशीद, इनाम वर्ग असे काहीही दिसले तर मुंतखब वाचून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घरात आजोबा-पणजोबांच्या वेळचे दप्तर असेल, मग तुम्ही देशमुख असा, कुलकर्णी असा, मुजावर असा की वेसकर असा, ते वाळवी लागण्याआधी उघडा, प्रत्येक कागदाचा फोटो काढा आणि छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारातल्या किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागातल्या जाणकाराला दाखवा. मूळ कागद कोणाला देऊ नका, नक्कल द्या.